वावडिंग, डुकरं आणि भिकूतात्यांचं गाऱ्हाणं

डुकराचं नाव काढल्यावर ज्यांना नाक मुरडावंसं वाटतं त्यांनी सरळ पान उलटावं. दिवाळी अंक आहे, पुढे कुठेतरी कविता असेलच. संपादक मला म्हणाले, "बाई, जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही उभी हयात काढलीत, एखादा हृद्य अनुभव लिहा." त्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक गाय असावी, तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे. माझा नाइलाज आहे. माझ्या नोकरीतला सगळ्यात हृद्य अनुभव डुकराच्या विष्ठेशी निगडित आहे आणि तो मी तसाच सांगणार आहे.

मी मूळची कऱ्हाडकडची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दापोली तालुक्यातल्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी नेमणूक झाली तेव्हा आई म्हणाली, "कोकणात? तिथं भात आणि साप सोडून काय आहे गं?" साप फारसे भेटले नाहीत, माणसं मात्र भेटली. बाई डॉक्टर ही वस्तू तोवर त्यांनी पाहिलेली नव्हती. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ बैल घेऊन आले आणि पायरीवर बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर येऊ देत." मी म्हटलं, डॉक्टर मीच. ते माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसले आणि परत बसले. शेवटी कंटाळून बैलच आत शिरला, म्हणून त्याच्यावर उपचार झाले.

एकदा माझ्यावर विश्वास बसल्यावर मात्र त्या लोकांनी मला सोडलं नाही. म्हैस अडली, बोलवा डॉक्टरीणबायला. कोंबडी पेंगते, बोलवा डॉक्टरीणबायला. साडी खोचून, पायात रबरी बूट घालून मी कातळ तुडवत जायची आणि मागून पोरं ओरडायची, "घाटावरची डॉक्टरीण आली रे!"

सदू शिगवण माझ्याकडे आला तो डोकं खाली घालूनच. गावाचं नाव सांगत नाही, दापोलीहून खेडला जाताना एका फाट्यावर उतरून आत चालत जावं लागे एवढं पुरे. सदू मुंबईत एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात होता. ते हॉटेल बंद पडलं. तिथे असताना डुकराच्या मांसाला किती मागणी असते ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा सरकारची योजना होती, त्यातून त्याने पांढऱ्या विलायती जातीच्या चार माद्या आणि एक नर आणला, घराच्या खालच्या अंगाला चिऱ्याचं कुंपण घालून गोठा बांधला आणि गावात राहायला लागला. शेतकऱ्याच्या घरात डुकरं! त्या वाडीत असं कोणी कधी केलं नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"खातात खातात आणि वाळतात," सदू म्हणाला. "पोटं तेवढी नगाऱ्यासारखी. खोकतात पण."

जनावरं न बघताच मी म्हटलं, "जंत."

बाहेरच्या लोकांसाठी सांगते. डुकराच्या आतड्यात गोलकृमी होतात. दिसायला पांढरे, गुळगुळीत, उकडलेल्या जाड शेवयांसारखे. (ज्यांनी पान उलटलं नाही त्यांनी आता तक्रार करू नये.) डुक्कर खातं ते हे पाहुणे आत बसून फस्त करतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, मातीला चिकटतात, आणि डुक्कर तोंड मातीत घालून जगणारा प्राणी असल्यामुळे ती परत पोटात जातात. मग त्यातली पिल्लं आतडं फोडून रक्तातून फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशात येतात आणि गिळली जाऊन पुन्हा पोटात मुक्कामाला. म्हणून खोकला. एवढा उलटा प्रवास करून मूळ गावी परत येणारा दुसरा प्राणी मी पाहिला नाही, मुंबईचे चाकरमानी सोडले तर.

साधं काम होतं. जंताचं औषध पाजलं की झालं. पण आमच्या दवाखान्यात औषध नव्हतं. जिल्ह्याहून येणारा साठा संपलेला, नवीन कधी येईल ते कोणी सांगेना. वर फोन केला तर उत्तर मिळालं की आलेलं औषध गाईम्हशींना आधी, डुकरांचं मग बघू. मला राग येण्याची सवय आहेच, त्या दिवशी ती सवय मी पुरेपूर वापरली. औषध तरी आलं नाही.

आणि इकडे सदूला वेळ नव्हता. कारण गावकी बसली होती.

कोकणात गावकी म्हणजे गावाची बैठक. तिचा शब्द खाली पडत नाही. वाडीतल्या पोरांना जंत फार झाले होते, आणि लोकांनी सरळ बोट दाखवलं ते सदूच्या गोठ्याकडे. गावकीचे प्रमुख धोंडू गावकर. उंच, सावळे, कपाळाला गंधाची उभी रेघ, आणि समोरच्याचं अर्धं वाक्य झाल्यावरच नकार द्यायची त्यांना सवय. गावकीने ठरवलं: शिमग्याला सगळे मुंबईवाले गावात येतात, त्या वेळी सगळ्यांसमोर डुकरांच्या पोटात जंत नाहीत असं दाखवून द्यायचं. शिवाय तोवर एकही डुक्कर गोठ्याबाहेर दिसता कामा नये. दोन्हीपैकी एक जरी मोडलं तरी गोठा उचलायचा.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा सदूची बायको यशोदा चुलीपाशी होती. तिने मला गुळाचा चहा दिला. सदू डुकरांना पाणी घालायला गेला तसं ती हळूच म्हणाली, "बाय, एक सांगू? लगीन झाल्यापासून ह्ये पयल्यांदाच घरात ऱ्हायलेत. शिमगा नि गणपती, येवढाच काय तो नवरा बघितलाय मी. डुकरां गेली तर ह्येपण जातील. परत मुंबय." आणि चुलीत फुंकर घालायला लागली. डोळ्यांत धूर गेला म्हणावं इतका धूर तिथे नव्हता.

मी त्या बाईला म्हटलं, "कोण जातंय बघतेच मी." तोंडातून निघून गेलं. आता करणं भाग होतं.

मी विचार करायला लागले आणि मला आठवलं वावडिंग. तुम्हालाही आठवेल. आपल्या घरी तान्ह्या बाळाला पाण्यात वावडिंग उकळून देतात, पोट बिघडू नये, जंत होऊ नयेत म्हणून. काळ्या मिऱ्यासारखे दाणे. मग बाळाला चालतं ते डुकराला का चालू नये? आमच्या जुन्या पुस्तकांत वावडिंग होतंच, पपईच्या बिया होत्या, किराईत होतं, लसूण होती. पपया परसात होत्या. किराईत रानात होतं, आणि ते इतकं कडू की नाव घेतलं तरी जीभ आत ओढली जावी. सगळं वाळवायचं, कुटायचं, तांदळाच्या कोंड्यात ठराविक मापाने मिसळायचं आणि रोजच्या पेजेतून द्यायचं. काही दिवस द्यायचं, मधे थांबायचं, परत द्यायचं, म्हणजे मागे राहिलेली पिल्लं मोठी झाली की त्यांनाही प्रसाद मिळतो. कारखान्यातल्या औषधासारखा एका फटक्यात निकाल लागत नाही. पण जंत हळूहळू नरमतात आणि बाहेर पडतात.

वावडिंग आणायला मी खेडच्या बाजारात गेले. तिथे उस्मानभाईंचं काष्ठौषधींचं दुकान होतं. मी पायलीभर वावडिंग मागितल्यावर ते चष्म्यावरून बघत राहिले.

"बाई, बाळं किती झाली एकदम?"

"पेशंटसाठी हवंय."

"पेशंट कोण?"

मी पोत्यातले दाणे चाळायला लागले. ते जनावरांचा दवाखाना जाणून होते आणि माणूसही चतुर. म्हणाले, "नका सांगू. पण पुढच्या पोत्यातलं नेऊ नका, ते गेल्या सालचं आहे. आतलं देतो." आणि आत जाऊन ताजा माल घेऊन आले. त्यानंतर मी दर वेळी गेले की विचारायचे, "कशी आहेत बाळं?" मी सांगायची, "वजन वाढतंय."

पण वजन वाढायला आधी बाळांनी खायला हवं होतं. सगळ्यात मोठी मादी, तिचं नाव सखू, तिने पेजेत नाक घातलं, किराइताचा वास घेतला आणि घमेलं उलटं केलं. बाकीच्यांनी तिचं अनुकरण केलं. डुक्कर काहीही खातं असं ज्यांना वाटतं त्यांनी डुक्कर पाळून बघावं. आम्ही गूळ घातला. गूळ चाटून घेतला, कोंडा ठेवला. पिकलेला फणस घालावा तर फणसाचे दिवस नव्हते. किराईत कमी केलं तरी त्यांना कळे.

सदूने मग स्वतःचं डोकं चालवलं. कोणीतरी त्याला सांगितलं की सुपारीने जंत मरतात. खरं आहे ते, पण माप फार सांभाळावं लागतं. सदूने आपली परसातली ओली सुपारी कातरून, मूठमूठ भरून, गुळातून सखूला चारली. मला निरोप आला तेव्हा मी धावतच गेले. सखू गोठ्याच्या मधोमध उभी, तोंडातून लाळेच्या धारा, पाय लटपटत, डोळे गरगरा. शिमग्याला सोंग आणणाऱ्यांनीही इतकी झिंग दाखवली नसती.

"अरे, किती दिलीस?"

"मी खातंय त्याच्या चौपट. ती माज्या चौपट हाय ना, म्हणून."

"तू रोज लाळ गाळत बसतोस का?"

"नाय. पण मी थुकतंय ना, ती गिळत्ये."

त्याचा हिशोब ऐकून मला हसावं की त्याला त्याच घमेल्याने हाणावं ते कळेना. आम्ही सखूला पाणी पाजलं, सावलीत निजवलं, मी तिच्या उशाशी बसून राहिले. दुपारपर्यंत ती सावरली. त्या गडबडीत तिच्या पोटातून जंतांचा एक गुंताच बाहेर पडला हे खरं, आणि सदू तो काठीवर घेऊन विजयी मुद्रेने माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याला सांगितलं, पुन्हा सुपारीला हात लावलास तर तुझ्या तोंडातली पण काढून घेईन. त्याने कानाला हात लावला.

आता भिकूतात्यांबद्दल सांगायला हवं. सदूचे वडील. गावातलं गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कोकणात कुठल्याही कामाच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस उभा राहून खणखणीत आवाजात देवापुढे सगळं मांडतो, कोणाचं काय दुखतंय, कोणाला काय हवंय, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" भिकूतात्यांचा आवाज असा की पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीत ऐकू जायचा. आणि अशा मानाच्या माणसाच्या घरात मुलाने डुकरं आणलेली! तात्यांनी सदूशी बोलणं टाकलं होतं. गोठ्याकडे पाठ करून ओसरीवर बसायचे. जेवायला वाढलं तर "वाढलंस काय गो?" असं सुनेला विचारायचे, मुलगा शेजारच्या पाटावर असला तरी.

त्या दिवशी मी सकाळीच गेले होते. यशोदा गोठ्यात घमेल्यापाशी बसून डुकरांच्या विनवण्या करत होती, सदू कुंपणाला टेकून उभा. "खा गो बाय सखू. खा माजे आये. तू नाय खाल्लंस तर माजा संसार जाईल गो." सखू तिच्याकडे बघत होती, खात नव्हती. मला बघवेना, मी तोंड फिरवलं, तर ओसरीवरून भिकूतात्या उतरत होते.

ते कुंपणापाशी आले. गोठा बांधल्यापासून पहिल्यांदाच. मुलाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. डुकरांकडे बघून म्हणाले, "जनावर दारात उपाशी ऱ्हावता नये." मग दोन्ही हात जोडून, डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या दारात ही मुकी जनावरां उबी हायत, रे म्हाराजा!"

आम्ही तिघं बावचळलो. मग सदू एकटाच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"त्येंच्या पोटात जो काय किडा-मुंगी, जंत-बिंत शिरला असंल, त्येला भायेर काडून टाक, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता यशोदा आणि मीही.

"आणि त्येनला चार घास खायची बुद्धी दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सखूने घमेल्यात तोंड घातलं आणि खायला लागली. बाकीचीही आली. घमेलं चाटूनपुसून साफ!

आता शास्त्र सांगते. त्या सकाळी यशोदाने पेजेत सुक्या मासळीचा चुरा टाकला होता. बुरोंडीहून मासळीवाली यायची, तिच्या टोपलीच्या तळाशी उरलेला. त्या वासापुढे किराइताचं काही चाललं नाही. मी तात्यांना तसं समजावूनही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंल. पण मग काल का नाय खाल्लान?" मी म्हटलं, काल मासळी नव्हती. ते म्हणाले, "आणि काल गाऱ्हाणांपण नव्हतां."

तेव्हापासून तात्या रोज दोन्ही वेळा गाऱ्हाणं घालायला गोठ्यावर यायला लागले. सुरुवातीला मोठं, मग आटोपशीर. डुकरं हुशार जात. त्यांचा आवाज चढला की पाचही जणं घमेल्यापाशी रांगेत. शेवटच्या "व्हय म्हाराजा"ला अन्न येतं हे त्यांना पक्कं झालं. एकदा तात्या दापोलीला गेले तर डुकरं अन्नाला तोंड लावीनात. शेवटी यशोदाने आजूबाजूला कोणी नाही बघून पदर खोचला आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं.

आणि एके दिवशी मी गेले तर तात्या गोठ्यात सदूवर डाफरत होते. "असां कोंडा कालवतात काय रे? हात भिजव आधी!" बापलेकाचं बोलणं सुरू झालं होतं. डुकरांच्या कोंड्यावरून का होईना.

गोठाही रोज गरम पाण्याने धुतला जाई, विष्ठा लांब खड्ड्यात पुरली जाई. निम्मं यश त्या झाडूचं होतं हे कबूल केलंच पाहिजे. महिना-दीड महिना गेला. डुकरांची पोटं आत गेली, पाठी भरल्या, खोकला थांबला, अंगावर तकाकी आली. मी दर खेपेला विष्ठा तपासत होते. आधी भिंगाखाली अंड्यांची जत्रा असायची, ती पांगत पांगत संपली. हे सगळं लिहून मी वरिष्ठांकडे पाठवलं होतं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की घरगुती उपचारांची जबाबदारी खातं घेऊ शकत नाही. तेव्हा चिकाटीने मागे लागले असते तर किती गोठ्यांना उपयोग झाला असता, असं अजून वाटतं. पुढे माझी बदली झाली आणि ते राहूनच गेलं.

शिमगा आला. मुंबईवाले आले. शाळेच्या पटांगणात गावकी बसली, कारण मला सूक्ष्मदर्शकासाठी टेबल आणि ऊन लागत होतं. आमचा सूक्ष्मदर्शक पितळी, खाली आरसा असलेला. आरशात सूर्य पकडायचा आणि वर डोळा लावायचा. मी तो एस.टी.त मांडीवर घेऊन आले होते. बरोबर सकाळीच गोळा केलेला नमुना बाटलीत.

मी बाटली टेबलावर ठेवली आणि धोंडू गावकर म्हणाले, "ही आमी मानणार नाय."

"का?"

"तुमी सदूच्या बाजूच्या. बाटलीत काय भरून आणलंव ते आमाला काय म्हायत?"

माझं डोकं सणकलं. "गावकर, मी सरकारी डॉक्टर आहे. बाटलीत काय भरते मी, श्रीखंड?"

मागे मुंबईवाले हसले. गावकर हसले नाहीत. त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. मी म्हटलं, चला गोठ्यावर, तुमच्यासमोर घेते. तर कोणी म्हणे आम्ही गोठ्यावर येणार नाही, कोणी म्हणे उन्हं उतरतील. गलका झाला. सदू खांबाला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक. बायकांच्या घोळक्यात यशोदा खाली बघत होती.

"गप ऱ्हावा!" गावकर ओरडले. "आधी गाऱ्हाणां होऊ दे, मग बोलणां. भिकूतात्या, उटा."

बरोबरच होतं. गाऱ्हाण्याशिवाय गावकी सुरू होत नाही. ह्या गडबडीत राहूनच गेलं होतं. तात्या उठले, हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज हो गाव तुज्या पायाशी जमलाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं पटांगण एका आवाजात.

सदूचा गोठा शाळेच्या बरोबर खालच्या उतारावर. माझ्या ते लक्षात आलं आणि मी यशोदाकडे बघितलं. तिच्याही लक्षात आलं होतं. तिने तोंडावर हात घेतला.

"थोरामोठ्यांची, पोराबाळांची राखण कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खाली बांबूचं फाटक मोडल्याचा आवाज आला. काड्‌काड्‌! आणि उतारावरून, पांढरी शुभ्र, कान फडफडवत, सखू पुढे आणि बाकीची मागे, पाचही डुकरं धावत वर आली. लोक ओरडत बाजूला झाले, बायकांनी पोरं उचलली, एक मुंबईवाला बाकावर चढला. डुकरांनी कोणाकडे बघितलं नाही. सरळ भिकूतात्यांसमोर गेली, त्यांच्या पायाशी रांगेत उभी राहिली आणि वर तोंड करून बघत राहिली. जेवणाची वेळ झाली असं त्यांना वाटलं होतं.

तात्यांनी डोळे उघडले.

एकही डुक्कर बाहेर दिसता कामा नये, हीच तर अट! आणि इथे पाचच्या पाच, सगळ्या गावासमोर. संपलं, असं मला वाटलं. यशोदा मटकन खाली बसली.

तेवढ्यात सखूने, भूक लागली की तिची पद्धत होती त्याप्रमाणे, शेपटी उचलली आणि धोंडू गावकरांच्या पुढ्यात आपला नमुना सादर केला.

मला वेगळं सांगावं लागलं नाही. मी डबी घेऊन खाली बसले. "गावकर, बघून घ्या! ही बाटलीतली नाही. ताजी आहे, सगळ्या गावाने पाहिली आहे!"

मुंबईवाल्यांत कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कोणालाच आवरेना. मी मिठाच्या गच्च पाण्यात ती घोळली, फडक्यातून गाळली. अंडी असली तर ती तरंगून वर येतात. त्याला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ अख्खा गाव, डुकरांसकट, टेबलाकडे बघत उभा होता. मग मी वरचा थेंब काचेवर घेतला, आरशात सूर्य धरला आणि डोळा लावला. काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवली. परत सरकवली. एकही अंडं नाही.

"या गावकर. स्वतः बघा."

गावकरांनी डोळा लावला आणि उडालेच. "हाय! हाय! काळा, लांबलचक, हलताय!"

अख्ख्या गावाने हाय खाल्ली. मी म्हटलं, "गावकर, डोळा मिचकावू नका बघू."

"आता थांबला. आता परत हलला!"

"ती तुमची पापणी आहे. भिंगात तुमच्याच पापणीचे केस दिसतायत. डोळा जरा मागे घ्या."

त्यांनी डोळा मागे घेतला. बराच वेळ बघितलं. मग सरळ उभे राहिले, घसा खाकरला. "नाय," म्हणाले. "काय नाय. नुसता पांढरा उजेड."

सदूने डोळे पुसले. पण गावकर तेवढ्यावर थांबणारे नव्हते. "जंत नाय ता खरां. पण डुकरां भायेर आली, त्येचा काय? दोन अटी होत्या."

खरंच होत्या.

भिकूतात्या बोलले. "धोंडू, डुकरां भायेर आली नाय. मी बोलावली. मी गाऱ्हाणां घातलां नि ती आली. ह्या गावात गाऱ्हाण्याला येयाची बंदी कोणाला हाय, सांग."

गावकर अर्धं वाक्य ऐकून नकार द्यायचे, पण ह्या वेळी पूर्ण वाक्य होऊन गेलं तरी त्यांना शब्द सुचेना. त्यांनी तात्यांकडे बघितलं, त्यांच्या पायाशी उभ्या असलेल्या सखूकडे बघितलं. ओठ घट्ट मिटून धरले, पण मिशी हलायला लागली, आणि मग तो उंच माणूस कमरेत वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून खोखो हसत सुटला.

हसणं ओसरल्यावर म्हणाले, "तात्या, अर्धा ऱ्हायलाय. पुरा करा."

अर्धवट गाऱ्हाणं ठेवत नाहीत. तात्यांनी पुन्हा हात जोडले. ह्या वेळी डोळे मिटले नाहीत. सदूकडे बघत होते.

"ह्या गावातली गुरां-ढोरां, शेरडां-कोंबडी, आणि माज्या झिलान पाळलेली ही डुकरां, सगळ्येंची राखण कर, रे म्हाराजा!"

मग पहिला आवाज आला तो धोंडू गावकरांचा. "व्हय म्हाराजा!" मागोमाग गाव.

"आणि माज्या झिलाला परत मुंबयची वाट दावू नको, रे म्हाराजा!"

तात्यांचा तो पऱ्ह्यापलीकडे ऐकू जाणारा आवाज शेवटी कापला. बायका गावकीत गाऱ्हाण्याला साथ देत नसत तिथे. पण सगळ्यांत आधी "व्हय म्हाराजा" म्हटलं ते यशोदाने, इतक्या जोरात की मुंबईवाले वळून बघायला लागले. मी घाटावरची, सरकारी नोकर, माझा त्या गावच्या देवाशी काय संबंध! मीही ओरडले.

सखू मात्र चुळबुळायला लागली होती. शेवटचं "व्हय म्हाराजा" होऊन गेलं होतं आणि घमेल्याचा अजून पत्ता नव्हता. यशोदा पदराने डोळे पुसत उठली, "आले गो बाय, आले," म्हणत कोंडा आणायला उतारावरून घराकडे धावत सुटली, आणि तिच्यामागे पाच डुकरं, आणि त्यांच्यामागे सदू.